मत मागणारा मिडफिल्डर: डॉक्टर सॉक्रेटिसची गोष्ट

(हे या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना अडखळलो, तेच तेच दोनदा बोललो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत? चला, मग सुरू करू.

आज सुरुवात एका बसपासून. साल 1982. ब्राझीलमधलं साओ पाउलो शहर. बसमध्ये बसलीय कोरिंथियन्स नावाच्या क्लबची टीम. छोटामोठा क्लब नाही हां हा, लाखो चाहते असलेला क्लब. बस हायवेवरून चाललीय आणि मागून कुणीतरी म्हणतं, "जरा थांबवा, उतरायचंय." आपल्याकडे अशा वेळी काय होतं? मॅनेजर मागे वळून डोळे वटारतो किंवा ड्रायव्हर म्हणतो, "आता पुढच्या ढाब्यावरच." या बसमध्ये काय व्हायचं? मतदान. थांबायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा. ज्या बाजूला हात जास्त, तसं होणार.

आता तुम्ही म्हणाल, हा काय पोरखेळ? मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या बसच्या खिडकीबाहेर जो देश होता, तिथे 18 वर्षं लष्करी राजवट चालू होती. देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण, हे ठरवायला सामान्य माणसाला कुणी विचारत नव्हतं. बसच्या आत मात्र लघवीला थांबायचं की नाही, यावरसुद्धा प्रत्येकाला मत होतं.

ही गंमत ज्यांच्या डोक्यातून आली, त्यांतला एक होता उंच, दाढीवाला, काटकुळा मिडफिल्डर. तो डॉक्टर होता. म्हणजे टोपणनाव डॉक्टर नव्हे, खराखुरा, एमबीबीएससारखी डिग्री घेतलेला डॉक्टर. नाव सॉक्रेटिस. तिकडे उच्चार 'सॉक्रातिस'च्या जवळ जातो, पण आपण आपला सॉक्रेटिसच म्हणू.

आजचा भाग त्याच्या कारकिर्दीवर.

पुस्तकं जाळणारे वडील

सॉक्रेटिसचा जन्म 19 फेब्रुवारी 1954 चा. गाव बेलेम, ब्राझीलच्या उत्तरेला, ॲमेझॉनच्या मुखाजवळ. वडिलांचं नाव रायमुंदो. गरिबीतून वर आलेले, स्वतःच्या हिमतीवर शिकलेले आणि वाचनाचं प्रचंड वेड. ग्रीक तत्त्वज्ञ वाचून इतके भारावले की पोरांची नावंच तशी ठेवली: सॉक्रेटिस, सोस्तेनेस, सोफोक्लिस. सगळ्यात धाकटा राई. हे नाव फुटबॉलवाल्यांनी ऐकलं असेल. 1994 चा वर्ल्ड कप जिंकलेल्या ब्राझीलच्या टीममध्ये तो होता.

वडिलांची सरकारी नोकरी. बदलीमुळे कुटुंब दक्षिणेला, साओ पाउलो राज्यातल्या रिबेराव प्रेतो या शहरात आलं.

1964 साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली. सॉक्रेटिस तेव्हा 10 वर्षांचा. त्या दिवसांतली एक आठवण तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. घरात वडील आपल्याच कपाटातली पुस्तकं काढून नष्ट करत होते. का? तर त्यात रशियन क्रांतीबद्दलचं पुस्तक होतं आणि असं पुस्तक घरात सापडलं तर पकडून नेतील ही भीती. ज्या माणसाने पुस्तकांवरून पोरांची नावं ठेवली, तोच माणूस स्वतःच्या हाताने पुस्तकं जाळतोय. 10 वर्षांच्या पोराला राजकारण काय कळणार? पण बापाच्या चेहऱ्यावरची भीती कळते. राजकारण त्याच्या आयुष्यात आलं ते असं.

प्रॅक्टिसला न येणारा खेळाडू

पोरगा अभ्यासात हुशार निघाला. साओ पाउलो विद्यापीठाच्या रिबेराव प्रेतोमधल्या मेडिकल कॉलेजला ॲडमिशन मिळाली. आणि त्याच वेळी तो गावच्या बोताफोगो क्लबकडून फुटबॉल खेळत होता. 1974 पासून व्यावसायिक.

आता मेडिकलला असलेले कुणी ऐकत असतील तर त्यांना विचारा, पहिल्या वर्षापासून झोपेचे काय हाल होतात. हा पठ्ठ्या ते सांभाळून ब्राझीलसारख्या देशात पहिल्या दर्जाचं फुटबॉल खेळत होता. क्लबने त्याला सूट दिली होती: लेक्चर असेल तर प्रॅक्टिसला नाही आलास तरी चालेल. त्यामुळे फिटनेस यथातथाच. सिगारेट होती, बिअर होती. दमही फार नव्हता.

मग खेळायचा कसा? डोक्याने. उंची सहा फुटांच्या बरीच वर, 1.92 मीटर. पण त्या उंचीच्या मानाने पाय लहान. एवढ्या उंच माणसाला पटकन वळता येत नाही. वळायला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि तेवढ्यात समोरचा येऊन बॉल काढून घेतो. यावर त्याने उपाय काढला: वळायचंच नाही. पाठीमागे कोण उभं आहे हे बॉल यायच्या आधीच बघून ठेवायचं आणि टाचेने पास मारायचा. बॅकहिल. बाकीचे बॅकहिल मारतात ते स्टाइल म्हणून. याने ते रोजच्या वापराचं हत्यार केलं. त्याचे व्हिडिओ सापडतात ऑनलाइन, बघा जरूर. हा माणूस फारसा धावताना दिसत नाही, पण बॉल मात्र धावतो.

1976 मध्ये राज्याच्या चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यात जास्त गोल याचे. 1977 मध्ये मेडिकलचं शिक्षण पूर्ण. 1978 मध्ये कोरिंथियन्सने त्याला घेतलं. स्टेथोस्कोप बाजूला राहिला आणि डॉक्टरसाहेब साओ पाउलोला आले.

खेळाडू म्हणजे क्लबची मालमत्ता

कोरिंथियन्स म्हणजे काय, हे थोडं सांगतो. 1910 मध्ये साओ पाउलोच्या बों रेतिरो या कामगार वस्तीत कामगारांनी काढलेला क्लब. तेव्हापासून कष्टकऱ्यांचा क्लब अशीच ओळख. 1979 मध्ये याच क्लबच्या चाहत्यांनी स्टेडियममध्ये भलामोठा फलक फडकवला होता: राजकीय कैद्यांना सरसकट माफी द्या. विचार करा, लष्करी राजवटीत, भर मॅचमध्ये!

पण चाहते असे असले तरी क्लबचा कारभार मात्र मालक आणि गड्याचा. आणि हे सगळ्याच क्लबांत होतं. त्या काळच्या ब्राझीलमध्ये 'पासी' नावाची पद्धत होती. खेळाडूचा पासी, म्हणजे त्याला दुसरीकडे पाठवायचा हक्क, क्लबकडे. तुमचा करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय तुम्ही दुसरीकडे खेळू शकत नाही. नोकरीचं काँट्रॅक्ट संपलंय, पण जुन्या कंपनीने परवानगी दिल्याशिवाय नवीन नोकरी धरता येत नाही, असं काहीतरी. ही पद्धत मोडणारा कायदा यायला 1998 साल उजाडलं. पेलेच्या नावानेच तो ओळखला जातो.

त्यातच दुसरी प्रथा. मॅचच्या आधी सगळ्या टीमला हॉटेलात डांबायचं. लग्न झालेली, पोरंबाळं असलेली माणसं, पण शनिवारी रात्री घरी जायचं नाही. म्हणजे तुम्ही काय खाता, कधी झोपता, कुणाबरोबर झोपता, सगळं क्लब ठरवणार. सॉक्रेटिसला हे भयंकर खटकायचं. देशात जे लष्कर करतंय, तेच क्लबात साहेब लोक करताहेत, असं त्याचं म्हणणं.

मग 1981 आलं. कोरिंथियन्सचा सीझन एवढा वाईट गेला की 1982 ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांना खालच्या गटातून सुरू करावी लागली. आणि क्लबच्या राजकारणात एक धमाल गोष्ट घडली. जुने अध्यक्ष व्हिसेंते मातेउस यांना पुन्हा उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आपला माणूस खुर्चीवर बसवला: वाल्देमार पिरेस. खुर्चीत हा, दोऱ्या माझ्या हातात, असा हिशेब. आपल्याकडे सरपंचपदाला घरातलाच माणूस उभा करतात, तसंच. पण पिरेसने बाहुलं व्हायला नकार दिला! खुर्चीत बसल्यावर त्याने स्वतःच कारभार बघायला सुरुवात केली. आणि फुटबॉलची जबाबदारी दिली आदिल्सन मोंतेइरो आल्विस नावाच्या तरुण समाजशास्त्रज्ञाला. फुटबॉलचा अनुभव? शून्य. त्यामुळे त्याने आल्या आल्या एक काम केलं, जे अनुभवी लोक कधी करत नाहीत. त्याने खेळाडूंना बसवून विचारलं: तुम्हाला काय वाटतं?

एक माणूस, एक मत

तासन्‌तास बोलणं झालं. सॉक्रेटिस होता. लेफ्ट बॅक व्लादिमिर होता, कृष्णवर्णीय, खेळाडूंच्या संघटनेत काम करणारा आणि कोरिंथियन्सकडून 800 हून जास्त सामने खेळलेला. थोड्याच दिवसांत कासाग्रांदे नावाचा विशीही न ओलांडलेला स्ट्रायकर आला. या मंडळींनी मिळून नियम केला: टीमशी संबंध असलेल्या गोष्टींवर सगळ्यांनी मत द्यायचं आणि प्रत्येकाला एकच मत. सॉक्रेटिसचं एक. राखीव गोलकीपरचं एक. मालीशवाल्याचं एक. बूट आणि कपडे सांभाळणाऱ्याचं एक.

प्रॅक्टिस किती वाजता? मतदान. नवीन खेळाडू घ्यायचा का? मतदान. हॉटेलातली सक्तीची डांबाडांबी? त्यावरही चर्चा, मतदान आणि सक्ती बंद. सामन्यांतून येणाऱ्या पैशातला वाटासुद्धा खेळाडूंपर्यंत येऊ लागला.

वॉशिंग्टन ऑलिवेतो नावाचा जाहिरात क्षेत्रातला माणूस क्लबच्या मदतीला होता. त्याने या सगळ्याला नाव दिलं: कोरिंथियन लोकशाही. ब्राझीलमध्ये जर्सीवर जाहिरात लावायची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू होत होती. 1982 च्या 15 नोव्हेंबरला राज्यांच्या निवडणुका होत्या. कितीतरी वर्षांनी लोक आपला गव्हर्नर थेट निवडणार होते. भीती ही की लोक घाबरून बाहेरच पडणार नाहीत. तर कोरिंथियन्सची टीम मैदानात उतरली आणि पाठीवर लिहिलेलं: 15 तारखेला मत द्या.

कुणाला द्या, हे नाही. फक्त द्या. ज्या जागेवर बँकेची किंवा टायरची जाहिरात यायची, तिथे हे. सरकारकडून तंबी आली, जर्सीवर राजकारण नको म्हणून. पण मॅच तर लाखोंनी बघितलीच होती.

हे सगळं हरणाऱ्या टीमने केलं असतं, तर लोकांनी आठवड्यात गुंडाळलं असतं. सॉक्रेटिसला हे पक्कं माहीत होतं. म्हणून जिंकणं भाग होतं. आणि ते जिंकले. 1982 ची राज्याची चॅम्पियनशिप कोरिंथियन्सची. 1983 ची पण. त्या फायनलला टीम एक मोठा फलक हातात धरून मैदानात आली, अर्थ असा की जिंकू नाहीतर हरू, पण लोकशाही सोडणार नाही. निर्णायक गोल सॉक्रेटिसचे. गोल मारला की नाचणं नाही, उड्या नाहीत. सरळ उभं राहून उजवी मूठ वर.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसतंच कौतुक करतोय. हे सगळं काही गुडीगुडी नव्हतं. मत एकाला एक, बरोबर. पण सॉक्रेटिस बोलायला उभा राहिला की वीस वर्षांचं राखीव पोरगं त्याच्या विरोधात हात वर करेल का? वजन सारखं नव्हतंच. 1983 मध्ये एमर्सन लेआओ हा देशाचा नावाजलेला गोलकीपर टीममध्ये आला, तेव्हा मोजक्याच लोकांनी आपसांत ठरवलं अशी टीका झाली. आणि खुद्द लेआओला हा सगळा प्रकार अजिबात पटत नव्हता, तो तसं उघड बोलायचा. मला वाटतं, हेही सांगायलाच हवं. मतं घेतली की भांडणं मिटतात असं नाही. भांडणं उघड्यावर येतात, एवढंच.

तीन हारी

सॉक्रेटिसची कारकीर्द तीन मोठ्या हारींची आहे. दोन मैदानातल्या, एक बाहेरची.

पहिली: 5 जुलै 1982, बार्सिलोनाचं सारिया स्टेडियम. वर्ल्ड कप. सॉक्रेटिस ब्राझीलचा कॅप्टन, कोच तेले सांताना. मिडफिल्डमध्ये झिको, फालकाव, सेरेझो आणि सॉक्रेटिस. ज्यांनी ही टीम बघितलीय ती माणसं आजही तिच्याबद्दल बोलताना हळवी होतात. सोव्हिएत संघाविरुद्ध पिछाडीवर असताना सॉक्रेटिसने दोघांना चकवून लांबून मारलेला गोल, स्कॉटलंडला 4, न्यूझीलंडला 4, अर्जेंटिनाला 3. आता इटलीविरुद्ध नुसती बरोबरी केली तरी सेमीफायनल.

पाचव्या मिनिटाला पाओलो रॉसीचा गोल. बाराव्या मिनिटाला झिकोचा पास आणि सॉक्रेटिसने गोलकीपर झॉफ आणि खांब यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून बॉल आत घातला. 1-1. पुन्हा रॉसी. मग फालकाव, 2-2. एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं! पण बचाव करत बसणं या टीमच्या रक्तातच नव्हतं. 74 व्या मिनिटाला रॉसीचा तिसरा. 3-2. ब्राझील घरी.

दुसरी हार बाहेरची. 1984. ब्राझीलभर आंदोलन पेटलं होतं: 'दिरेतास जा', म्हणजे थेट निवडणुका, आत्ताच्या आत्ता. मागणी एकच, राष्ट्राध्यक्ष आम्ही निवडणार. आंदोलनाचा रंग पिवळा. सभांचं सूत्रसंचालन कोण करायचं? ऑस्मार सांतोस, रेडिओवरचा लाडका फुटबॉल कॉमेंटेटर! 16 एप्रिलला साओ पाउलोच्या आन्यांगाबाऊ चौकात अफाट गर्दी जमली. काही जण दहा लाखांच्या वर म्हणतात.

तेव्हा सॉक्रेटिसला इटलीची ऑफर होती. फिओरेंटिना क्लब. पैसा चिक्कार. आणि वय तिशीला आलेलं, म्हणजे अशी संधी पुन्हा नाही. त्या व्यासपीठावरून त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं: ही घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली, तर मी देश सोडून जाणार नाही.

स्वतःच्या करिअरचा निर्णय त्याने संसदेच्या मतमोजणीला बांधून टाकला. आपल्यापैकी किती जण हे करतील? मी नाही करणार, खरं सांगतो.

25 एप्रिलला संसदेत मतदान. दोन तृतीयांश, म्हणजे 320 मतं हवी होती. बाजूने पडली 298. विरोधात फक्त 65. पण शंभराहून जास्त खासदार आलेच नाहीत. 22 मतं कमी पडली. मंडळी, ही दुरुस्ती विरोधकांनी नाही पाडली. न येणाऱ्यांनी पाडली.

सॉक्रेटिस इटलीला गेला. फ्लॉरेन्समध्ये त्याचं मन रमलं नाही. थंडी, कडक शिस्त, सकाळचं पळणं. एका सीझनमध्ये परत. आणि तो गेल्यावर कोरिंथियन्सचं काय झालं? 1985 मध्ये क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. आदिल्सन उभा राहिला आणि हरला. कोरिंथियन लोकशाही संपली ती मतदानानेच. लोकशाहीत हेही होतं.

तिसरी हार 1986 ची, मेक्सिको वर्ल्ड कप. आदल्या वर्षी तिथे भूकंपाने हाहाकार उडवला होता. सॉक्रेटिस कपाळाला पट्टी बांधून उतरला आणि पट्टीवर लिहिलेलं, मेक्सिको अजून उभा आहे. क्वार्टर फायनल, फ्रान्सविरुद्ध, 1-1. शूटआउट. पहिली पेनल्टी सॉक्रेटिसची. तो पेनल्टी जवळजवळ न पळता, उभ्या उभ्या मारायचा. गोलकीपर बाट्सने अडवली. ब्राझील बाहेर.

15 नोव्हेंबर

आता हा भाग बनवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगतो. तारखा लिहून काढत होतो आणि एकदम थांबलो.

ब्राझीलमध्ये लोकांनी राष्ट्राध्यक्ष थेट निवडला तो 1960 साली. सॉक्रेटिस तेव्हा 6 वर्षांचा. मग लष्कर. 1985 मध्ये लष्कर गेलं, पण तेव्हाही अध्यक्ष लोकांनी नाही, निवडक प्रतिनिधींनी ठरवला. तान्क्रेदो नेव्हेस निवडून आले आणि पद घेण्याआधीच वारले. 1988 मध्ये नवी घटना आली. त्या घटनेने 16 वर्षांच्या मुलामुलींनासुद्धा मताचा हक्क दिला, हवं तर द्या, सक्ती नाही. आणि पहिली थेट निवडणूक झाली 15 नोव्हेंबर 1989 ला. मध्ये 29 वर्षं गेली.

(आपल्याकडे मतदानाचं वय 21 वरून 18 झालं तेही 1989 मध्येच, हा निव्वळ योगायोग.)

आता सॉक्रेटिसकडे बघा. व्यावसायिक कारकीर्द सुरू, 1974. मध्ये कोरिंथियन्स, फिओरेंटिना, फ्लामेंगो, सांतोस. शेवट 1989 मध्ये, पुन्हा त्याच गावात, त्याच बोताफोगोकडून, जिथून सुरुवात केली होती. म्हणजे या माणसाची अख्खी कारकीर्द, 60 आंतरराष्ट्रीय सामने, 22 गोल, दोन वर्ल्ड कप, 1983 चा दक्षिण अमेरिकेतला सर्वोत्तम खेळाडूचा मान, हे सगळं त्या 29 वर्षांच्या आत संपलं. आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत द्यायची पहिली संधी त्याला मिळाली, तेव्हा तो 35 वर्षांचा होता आणि बूट खुंटीला टांगायच्या बेतात होता.

आणि त्याच वर्षी रिबेराव प्रेतोमधलं एखादं 16 वर्षांचं पोरगंही मत द्यायला रांगेत उभं राहू शकत होतं. त्याच्याच बरोबरीने. एक माणूस, एक मत.

म्हणून ती बस मला आता पोरखेळ वाटत नाही. ज्यांना मोठं मत द्यायला मिळत नव्हतं, ते छोट्या मतांवर हात बसवत होते. हरल्यावर गप्प कसं बसायचं, जिंकल्यावर माज कसा करायचा नाही, आपल्या विरुद्ध हात वर करणाऱ्याच्या शेजारी बसून पुढचे शंभर किलोमीटर कसं जायचं, हे सवयीनेच येतं. बसमध्येच येतं.

रविवार

शेवट आनंदाचा नाही. निवृत्तीनंतर त्याने थोडी डॉक्टरकी केली, वर्तमानपत्रांत आणि साप्ताहिकांत लिहिलं, टीव्हीवर बोलला. 2004 मध्ये वयाच्या 50 व्या वर्षी इंग्लंडमधल्या गारफर्थ टाउन या छोट्याशा क्लबकडून गंमत म्हणून काही मिनिटं मैदानात उतरला. थंडीने कुडकुडला आणि परत गेला. दारू मात्र सुटली नाही. दारू यकृताचं काय करते, हे त्याला पुस्तकातून शिकवलेलं होतं. माहीत असणं आणि थांबता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांना हे मी सांगायला नको.

2011 मध्ये तो पुन्हा पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेला. 4 डिसेंबरला पहाटे गेला. वय 57.

मला रविवारी मरायचंय आणि त्या दिवशी कोरिंथियन्स चॅम्पियन व्हायला हवी, असं तो पूर्वी कधीतरी म्हणाला होता, असं सांगतात. 4 डिसेंबर 2011 हा रविवार होता. त्या दुपारी कोरिंथियन्सचा सीझनमधला शेवटचा सामना होता, कट्टर प्रतिस्पर्धी पाल्मेरासविरुद्ध. सुरुवातीला मौन पाळलं गेलं. मैदानातल्या वर्तुळाभोवती उभ्या राहून खेळाडूंनी उजवी मूठ वर केली. स्टँडमधल्या हजारोंनीसुद्धा. सामना 0-0 सुटला. तेवढी बरोबरी पुरेशी होती. कोरिंथियन्स ब्राझीलची चॅम्पियन.

1982 मध्ये जी बरोबरी पुरली असती आणि मिळाली नाही, ती त्या दिवशी मिळाली.

2022 पासून बॅलन डी'ओरच्या सोहळ्यात समाजासाठी काम करणाऱ्या फुटबॉलपटूला सॉक्रेटिसच्या नावाने पुरस्कार देतात. पहिला मिळाला सेनेगलच्या सादियो मानेला.

बास, आज एवढंच. जाता जाता एक काम देतो. तुमचं मंडळ असेल, कॉलेजची टीम असेल, ट्रेकचा ग्रुप असेल. पुढच्या वेळी गाडी जेवायला कुठे थांबवायची यावरून वाद झाला, तर एकदा हात वर करायला लावून बघा. आणि ड्रायव्हरकाकांचं मत मोजायला विसरू नका. काय झालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, चांगले किस्से पुढच्या भागात ऐकवू.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!